आकडा लावण्याआधी आकडेमोड शिकवा



मागच्या तालुका बैठकीत विषय नेहमीचेच होते. कापसाची आवक, खरेदी केंद्रावर ओलाव्याच्या नावाखाली होणारी अडवणूक, चुकाऱ्याला लागणारा वेळ. बोलणी संपत आली तेव्हा मागच्या ओळीतला एक कास्तकार उठून उभा राहिला. पाच एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी आणि ज्वारी. भावाबद्दल त्याने काहीच विचारले नाही. तो म्हणाला, "कापसाचे पैसे खात्यात आले होते. बियाण्या-खतासाठी राखून ठेवले होते. पेरणीच्या तोंडावर बँकेत गेलो तर सेहेचाळीस हजार कमी. आयपीएलच्या दिवसांत पोराने क्रिकेटवर लावले. पोरगा नववीत आहे. आता संघटनेनेच सांगावे, काय करायचे?"

सभेत कुणी काही बोलेना. मग एकजण म्हणाला, दोन चांगल्या ठेवून द्यायच्या होत्या. दुसरा म्हणाला, फोन काढून घ्यायचा. त्या पोराची आई बायकांमध्ये बसली होती. ती बसल्या जागेवरून बोलली, "मारून पाह्यलं. फोन फोडला. दोन दिवस उपाशी ठेवलं. तो रडते, चूक झाली म्हणते. पण पैसे काहून गेले, हे त्याले बी नाही समजलं अन् आम्हाले बी नाही समजलं."

त्या माउलीने सगळ्या सभेच्या वर्मावर बोट ठेवले. पैसे गेले हे सर्वांना कळले होते. ते का गेले, हे सभेतल्या एकालाही नीट सांगता आले नाही. आम्हालाही नाही. म्हणून हा लेख.

हा संघटनेचा विषय आहे काय?

काही कार्यकर्त्यांचे म्हणणे पडले की आपले काम शेतीमालाच्या भावाचे. पोरांना वळण लावणे हे मास्तरांचे आणि कीर्तनकारांचे काम. आपण त्यात पडू नये.

आम्हाला हे पटत नाही. ज्या आकड्यावर हा सारा खेळ चालतो, तो आकडा जन्मला आमच्या कापसाच्या पोटी. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात रोज भाव उघडायचा आणि बंद व्हायचा. ते दोन भाव तारेने मुंबईच्या कापूस बाजारात यायचे. मुंबईत लोक त्या भावांच्या आकड्यांवर पैसे लावू लागले. पैसे लावणाऱ्याला कापूस घ्यायचा नव्हता आणि विकायचाही नव्हता. उघडताना कोणता आकडा येणार, बंद होताना कोणता येणार, एवढ्यावरच खेळ. १९६१ साली न्यूयॉर्कहून येणारे हे आकडे थांबले. लागलेली चटक मात्र थांबली नाही. १९६२ मध्ये कल्याणजी भगत याने वरळीत स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली आणि १९६४ मध्ये रतन खत्रीने त्याचा वेगळा मटका मांडला. चिठ्ठ्या मडक्यात टाकून काढायच्या, म्हणून नाव पडले मटका. मुंबईच्या कापड गिरण्यांतला कामगार हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. आमच्या वावरातला कापूस जिथे सूत व्हायचा, तिथेच त्या कामगाराचा पगार आकड्यात जायचा. आजही आमच्या गावच्या पानठेल्यावर सट्टापट्टी लिहिणारा 'ओपन' आणि 'क्लोज' म्हणतो. ते शब्द कापसाच्या बाजाराचे आहेत. कापूस पिकवणाऱ्याला ते ठाऊक नाही, एवढेच.

दुसरे कारण याहून मोठे. शेतकरी चळवळीने आम्हाला पहिली कोणती गोष्ट शिकवली असेल, तर ती हिशेब करण्याची. त्याआधी आमचा बाप म्हणायचा, यंदा नशीब फुटले. चळवळीने सांगितले, नशिबाला दोष देऊ नका. नांगरणी, बियाणे, फवारणी, निंदण, वेचणी, घरच्या माणसांची मजुरी सगळे मांडा, खाली बेरीज करा, मग बाजारातला भाव बघा. तोटा नशिबात लिहिलेला नसून धोरणात लिहिलेला आहे, हे त्या बेरजेने दाखवले. ज्या चळवळीने बापाला हिशेब शिकवला, तिने त्याच्या पोराला आकड्याचा हिशेब शिकवला तर तिचे काय बिघडते?

जुगार जुना, दुकान नवे

आमच्या गावांत जुगार कालपरवा आला असे कुणी म्हणू नये. दिवाळीत तीन पत्ती चालते. कोंबडबाजारात पैसे लागतात. शंकरपटाच्या जोडीवर पैज लावणारे आमच्यातच आहेत. शंकरपट हा आमचा अभिमान आहे आणि तो राहील. पण बैलजोडीच्या जिवावर लागणारी पैज हा अभिमान नव्हे, हे आम्ही आधी स्वतःशी कबूल करू आणि मग पोरांना सांगायला जाऊ.

फरक पडला आहे तो दुकानात. पूर्वी आकडा लावायचा तर ठेल्यावर जावे लागे. चार लोक बघत. खिशात रोकड लागे, आणि ती संपली की खेळ संपला. शाळकरी पोराच्या हाताची पट्टी लिहून घेताना ठेलेवालाही एकदा विचार करी. आता दुकान खिशातल्या फोनमध्ये आहे. कुणी तरी एक 'आयडी' देतो. त्या आयडीवर सामना कोण जिंकणार एवढेच लागत नाही. पुढच्या सहा षटकांत किती धावा होणार, ज्याला ते 'सेशन' म्हणतात, तेही लागते. एका सामन्यात वीस वेळा हरण्याची सोय झाली. पूर्वीचा ओपन-क्लोज दिवसातून दोन वेळा यायचा, मधल्या वेळात माणूस घरी जाऊन जेवत तरी होता.

आणि हा फोन पोराच्या हातात दिला कुणी? आम्हीच. ई-पीक पाहणी फोनवर. पीक विम्याची नोंद फोनवर. २०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी. बापाला ते जमत नाही, म्हणून पोरगा करतो. पैसे पाठवायचा गुप्त आकडाही त्यालाच पाठ. घरचा कारभारी नववीतला पोरगा झाला. कारभाराचे शिक्षण मात्र त्याला कुणी दिले नाही.

त्यात वर्षानुवर्षे टीव्हीवर काय चालले होते तेही आठवा. ज्यांचे फोटो पोरांनी वहीला चिकटवले तेच खेळाडू सांगत होते, संघ बनवा आणि पैसे जिंका. २०२० साली तर आयपीएल स्पर्धेच्या नावापुढेच अशा कंपनीचे नाव लागले होते. पुढे २०२३ पासून भारतीय संघाच्या छातीवर तेच नाव आले. जाहिरातीच्या शेवटी एक इशारा असायचा. तो इतक्या घाईने म्हटला जायचा की कीटकनाशकाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे बरी.

कायद्याने काय झाले?

मुंबई इलाख्यात जुगार प्रतिबंधक कायदा झाला १८८७ साली. आमच्या पणजोबाच्या वेळेपासून महाराष्ट्रात जुगाराला बंदी आहे, आणि तो कायदा जागेवर असताना मटक्याने गावे खाल्ली. बंदी होती म्हणून आकडा थांबला नाही. त्यावर हप्ता मात्र बसला.

सरकारचा हात स्वच्छ असता तरी एक गोष्ट होती. १९६९ पासून महाराष्ट्र सरकार स्वतः लॉटरी चालवते. खासगी माणसाने चिठ्ठी काढली तर गुन्हा, सरकारने काढली तर महसूल. फोनवरच्या 'फॅन्टसी' खेळांना न्यायालयांनी कौशल्याचा खेळ मानले आणि त्यांचा धंदा फोफावला. मग १ ऑक्टोबर २०२३ पासून सरकारने पैशाच्या ऑनलाइन खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लावला. म्हणजे पोरगा हरो की जिंको, सरकारचा वाटा आधी बाजूला.

शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्या वेळी सरकारनेच अंदाज सांगितला की ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसली आणि त्यांचे २० हजार कोटींहून अधिक बुडाले. कायदा होताच मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले. खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवले नाही आणि जाहिराती उतरवल्या, हे बरे झाले असे आम्ही मोकळेपणाने म्हणतो.

पण आमच्या कास्तकाराच्या पोराला आयडी देणारा कुठल्या कंपनीचा होता? तो १८८७ च्या कायद्यानेही बेकायदाच होता. कायद्याने उघडे दुकान बंद होते, चोरटे दुकान चालूच राहते, आणि त्याच्याकडे ना पाटी असते ना परवाना. तक्रार करायची तर कुणाविरुद्ध? दारूबंदीच्या जिल्ह्यांतल्या बायाबापड्यांना हे वेगळे सांगायला नको. प्रत्येक पोरामागे एक शिपाई ठेवता येत नाही, ठेवूही नये. शिपाई आला की हप्ता आला. त्या पोराच्या डोक्यात हिशेब बसवला तर तो त्याच्यासोबत ठेल्यावर जातो, वसतिगृहात जातो, पुढे पुण्या-मुंबईच्या खोलीवरही जातो.

मग शिकवायचे काय?

जुगार वाईट, हे सांगून उपयोग नाही. ते पोराने शंभर वेळा ऐकले आहे. धर्मराज द्यूतात राज्य हरला, हेही त्याला माहीत आहे. पण त्या गोष्टीतला खरा धडा आम्ही त्याला सांगत नाही. धर्मराजाला धृतराष्ट्राने सगळे परत दिले होते. तरी बोलावणे आले तेव्हा तो पुन्हा पटावर बसला आणि वनवासात गेला. गेलेले परत मिळाल्यानेही ही चटक सुटत नाही, हा तो धडा.

बाकीचे धडे फळ्यावर खडूने मांडायचे आहेत. आम्ही ते एका हायस्कुलातल्या गणिताच्या सरांसोबत बसून मांडून पाहिले. आठवीच्या पोराला समजतात.

पहिला धडा कटौतीचा. आम्ही बाजारात माल नेतो तेव्हा हमाली किती, तोलाई किती, अडत किती, हे आम्हाला पाठ असते. एक किलो जास्त कापला तर आम्ही काटा बंद पाडतो. मटक्यात आकडे दहा, शून्य ते नऊ. त्यातला एक येणार. एका रुपयाला मिळतात नऊ. दहा पोरांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर जमले दहा, वाटले नऊ. रुपयामागे दहा पैसे कापले गेले. ही अडत कुणाला दिसत नाही, कारण जिंकणारा आनंदात असतो आणि हरणारा आपल्या नशिबाला शिव्या देत असतो.

दहा टक्के म्हणजे काय, तेही मांडा. शंभर रुपये घेऊन बसला. एका फेरीनंतर सरासरीने उरतात नव्वद. ते पुन्हा लावले, उरतात एक्क्याऐंशी. सातव्या फेरीला निम्म्याहून कमी. दहाव्या फेरीला पस्तीसच्या आत. विसाव्या फेरीला बारा. एखादा पोरगा मध्येच जिंकेल, दोघे जिंकतील, पण शंभर पोरांचे मिळून असेच होणार. यात कुणी लबाडी केली नाही. सगळे नियमाने खेळूनही पैसा एकाच बाजूला वाहत जातो, जसे उताराच्या वावरातले पाणी नाल्याकडे जाते.

दुसरा धडा दुप्पट लावण्याचा. त्या नववीतल्या पोराचे सेहेचाळीस हजार असेच गेले. समजा सामना बरोबरीचा आहे. शंभर लावले आणि जिंकला तर नव्वद मिळतात, हरला तर शंभर जातात. हरला. मित्र म्हणतो, आता दोनशे लाव, मागचे निघतील. हरला, चारशे. हरला, आठशे. इथवर गेले पंधराशे. आता सोळाशे लावले आणि समजा जिंकला. मिळाले चौदाशे चाळीस. म्हणजे पाचव्या वेळी जिंकूनही साठ रुपये घाटा! आणि सलग सात वेळा हरला तर गेले बारा हजार सातशे. नऊ वेळा हरला तर एक्कावन्न हजार शंभर. सुरुवात शंभर रुपयांची होती. पोरगा चोरी करायला निघाला नव्हता, तो मागचे शंभर काढायला निघाला होता. सावकाराच्या व्याजाने आमचे आजोबा असेच बुडाले. त्या व्याजाचे गणित तरी आम्हाला ओळखीचे होते, याचे नव्हते.

तिसरा धडा 'आता येईलच' या भ्रमाचा. नाणे चार वेळा काटा पडले म्हणून पाचव्या वेळी छापा पडायला ते बांधलेले नाही. नाण्याला मागचे आठवत नाही. वर्गात प्रत्येक पोराला एक नाणे द्या, शंभर वेळा उडवून लिहायला लावा. सलग पाच-सहा काटे पडल्याचे वर्गातल्या बहुतेक वह्यांत दिसेल. आपल्या हाताने लिहिलेले पोरगा विसरत नाही.

चौथा धडा 'पक्की खबर' विकणाऱ्याचा. फोनवर संदेश येतो, आज अमुक संघ जिंकणार, पैसे घेणार नाही, फक्त बघा. संघ जिंकतो. असे सहा वेळा बरोबर येते. सातव्या वेळी तो पाच हजार मागतो आणि पोरगा देतो. यात विद्या काही नाही. त्याने ६४० जणांना संदेश पाठवला. ३२० जणांना सांगितले हा जिंकणार, ३२० जणांना सांगितले तो जिंकणार. ज्यांना चुकीचे गेले त्यांना सोडून दिले. उरलेल्या ३२० चे पुन्हा दोन भाग. मग १६०, ८०, ४०, २०, आणि सहाव्या सामन्यानंतर १०. या दहा जणांना तो त्रिकालज्ञानी वाटतो. बाकीच्या ६३० जणांची गाठ या दहांशी कधी पडत नाही. बोगस बियाण्याचा दलाल असाच एका चांगल्या वावराचा फोटो दाखवतो आणि न उगवलेली वावरे लपवतो.

पाचवा धडा आतल्या माणसाचा. २००० साली दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याचे दिल्ली पोलिसांमुळे उघड झाले. २०१३ साली आयपीएलमध्ये ठरवून टाकलेल्या षटकांचे प्रकरण निघाले. खेळणाऱ्यापेक्षा ज्याला आतले जास्त माहीत आहे, त्याच्याविरुद्ध आपण पैज लावतो आहोत, हे पोराला कळले पाहिजे. बाजार समितीत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरायचे, तेव्हा आमचे काय व्हायचे ते त्याला सांगा.

या सर्वांसाठी नवे पुस्तक लागत नाही, शासनाचा आदेश लागत नाही. २०१८ साली आलेल्या दहावीच्या गणिताच्या पुस्तकात 'अर्थनियोजन' हा धडा आहे. त्यात शेअर आहेत, म्युच्युअल फंड आहे. त्याच पुस्तकात 'संभाव्यता' आहे. त्यात फासा आहे, नाणे आहे, पत्त्यांचा जोडही आहे. सगळी हत्यारे वर्गात आणून ठेवली आहेत, फक्त ती कशावर चालवायची ते सांगितलेले नाही. पोरगा परीक्षेत लिहितो, फासा टाकल्यावर पाच येण्याची संभाव्यता एक छेद सहा. त्याच संध्याकाळी ठेल्यावर पैसे हरतो. दोन्ही गोष्टी एकच आहेत हे त्याला कुणी जोडून दाखवले नाही.

"शेती हाच जुगार आहे"

आता एक प्रश्न. तो पोरगाच विचारेल आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय आमची सुटका नाही. तो म्हणेल, तुम्ही तरी काय करता? पाऊस येईल या भरवशावर चाळीस हजार मातीत टाकता. तो जुगार नाही काय?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक अक्षसूक्त आहे. त्यात हरलेल्या जुगाऱ्याला उपदेश केला आहे तो फासे सोडून शेती करण्याचा. इतक्या जुन्या काळापासून जुगारावर उतारा म्हणून शेती सांगितली गेली. आज तोच उतारा आम्ही पोराला दिला तर तो हसतो. या हसण्याचे कारण आम्हाला शोधले पाहिजे.

शेतीत धोका आहे, पण धोका म्हणजे जुगार नव्हे. एका दाण्याची ज्वारी कणीस होऊन येते. जमीन, पाणी आणि घाम यांतून जे नव्हते ते निर्माण होते. मटक्याच्या दहा रुपयांचे कुणीही खेळून अकरा होत नाहीत, नऊच होतात. शेतकरी अक्कल लावून धोका कमी करू शकतो. पऱ्हाटीत तुरीच्या ओळी टाकतो, थोडी ज्वारी घरच्यासाठी पेरतो, ओल बघून पेरणी पुढे ढकलतो. आकडा लावणाऱ्याने कितीही अक्कल लावली तरी रुपयामागचे दहा पैसे सुटत नाहीत.

मग शेतीत तोटा का? कारण इथेही कुणीतरी न दिसणारी कटौती करतो. ५ मार्च २०१२ ला कापसाच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली गेली. २०२५ मध्ये तर योग असा आला की ज्या आठवड्यात संसदेने पोरांना जुगारापासून वाचवायचा कायदा केला, त्याच आठवड्यात, १९ ऑगस्टपासून, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आमची वेचणी आणि विक्री ऐन भरात असताना. मध्यम धाग्याच्या कापसाला त्या हंगामाचा हमीभाव होता क्विंटलला ७,७१० रुपये. आमच्या पेरणीनंतर खेळाचे नियम बदलले. पाऊस लहरी आहे हे मान्य, पण पाऊस निदान कुणाच्या सांगण्यावरून पडत नाही.

पोराला हे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडून दाखवा. आकड्यातली कटौती कधीच थांबवता येणार नाही, कारण तो खेळच कटौतीसाठी मांडलेला आहे. तिथून उठून जाणे हाच उपाय. शेतीतली कटौती धोरणाची आहे आणि ती संघटित होऊन थांबवता येते. हा फरक ज्याला कळला त्याला शेतीची लाज वाटणार नाही. आणि हेही मान्य करा, की बापाची वर्षभराची मेहनत तोट्यात जाताना पाहिलेल्या पोराला एका रात्रीच्या पाच हजारांचे आमिष जास्त गोड लागते. घामाला दाम मिळत नाही, तिथे आकड्याचे पीक जोमात येते.

आपण काय करायचे

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने आपल्या हायस्कुलातला एक गणिताचा शिक्षक सोबत आणावा. न आला तर विज्ञानाचा आणावा, तोही न आला तर बारावी झालेली एखादी मुलगी आणावी. वर दिलेले पाच धडे आपण फळ्यावर मांडू. मग उन्हाळ्याच्या सुटीआधी, आयपीएल सुरू होण्याआधी, शाळेत, मंदिराच्या ओट्यावर, समाजमंदिरात, जिथे जमेल तिथे आठवी ते दहावीच्या पोरांचा एक तास घ्यावा. पोरींनाही बसवा. उद्या घरचा हिशेब त्यांच्या हातात जाणार आहे.

घरी दोन गोष्टी करा. पैसे पाठवायचा गुप्त आकडा आजच बदला आणि तो स्वतः पाठ करा. पोराला फोनवरची नोंदणी करू द्या, खाते मात्र आपल्या हाती. आणि महिन्यातून एकदा बँकेचे पुस्तक छापून आणून पोरासमोर बसून वाचा.

ज्याच्या घरी हे होऊन गेले आहे त्याला एक विनंती. पोराला मारू नका. हरलेले पोर आधीच तोंड लपवत फिरत असते. त्याला घरात तोंड दाखवायला जागा राहिली नाही तर ते विहिरीकडे बघते. आमच्या जिल्ह्यांनी ती वाट खूप पाहिली आहे, बापांची पाहिली आहे, आता पोरांची पाहायची नाही. बोलायला कुणी नसेल तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर मनाच्या त्रासासाठी मोफत बोलता येते. फसवणूक करून पैसे काढले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा. जितका उशीर तितकी आशा कमी.

त्या नववीतल्या पोराला आम्ही सरांसमोर बसवले. त्याने स्वतःच्या फोनमधले सगळे व्यवहार वहीत उतरवले. दोन संध्याकाळी गेल्या. शंभर, दोनशे, चारशे अशी ओळ त्याच्याच अक्षरात उतरली तेव्हा तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग त्याने विचारले, "सर, म्हणजे मी जिंकलो असतो तरी हरलोच असतो?" सर म्हणाले, हो.

त्या वर्षीचे बियाणे बापाने उधारीवर आणले. ते सेहेचाळीस हजार काही परत येत नाहीत. पण ती वही आमच्याकडे आहे, पोराने ती स्वतःहून दिली, आणि येत्या बैठकीत तो ती वाचून दाखवायला तयार आहे. आपल्या पोरांना घेऊन या.